एकही कागदी कप नाही

७ डिसेंबर, रविवार. पिंप्राळा, जळगाव

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर काल कुणीतरी भरीत पार्टी केली. थंडी पडली की या गावाला भरिताशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही; वांगी आमची, भाजायला कपाशीच्या काड्या आमच्या, खाणारी तोंडंही आमचीच. तक्रार आहे ती दुसऱ्या दिवशीच्या देखाव्याबद्दल.

हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून मोजायला गेले. कप दोनशे बारा. ताटल्या एकशे चाळीस झाल्यावर मोजणं सोडलं, कारण एका कुत्र्याने माझ्यासमोर तीन ताटल्या भरितासकट खाल्ल्या आणि माझ्यासमोरच ओकल्या. आणि त्या ताटल्यांवर छापलंय काय, तर केळीचं पान. ज्या जिल्ह्यात केळीची पानं कापून बांधावर कुजत टाकतात, त्या जिल्ह्यातली माणसं प्लास्टिक लावलेल्या कागदावरच्या पानाच्या चित्रात जेवतात. एवढा मूर्खपणा करायलाही अक्कल लागत असेल. अर्ध्या खाल्लेल्या कळण्याच्या भाकरी, थिजलेलं तेल, दोन घोट पिऊन फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या. शी.

दुपारी कुणीतरी त्या ढिगाला काडी लावली. वास अजून केसांत आहे, दोनदा डोक्यावरून पाणी घेऊन झालं तरी.

आमच्या घरात चौदा महिने झाले, एकही कागदी कप आलेला नाही. दारात तशी पाटीच लावली आहे मी, माझ्या अक्षरात: 'या घरात एकही कागदी कप येत नाही.' येणारेजाणारे हसतात. हसू देत.

१० डिसेंबर, बुधवार

आज ताटांचं भांडार नीट लावलं. आमच्या महिला मंडळातल्या प्रत्येकीच्या माळ्यावर आंदणाची ताटं धूळ खात पडली होती. तीन महिने दारोदार फिरून मी ती गोळा केली. एकशे वीस ताटं, तेवढ्याच वाट्या, शंभर पेले. आमच्या गॅरेजमध्ये फळ्या मारून घेतल्या. गाडी बिचारी बाहेर उन्हात. कुणाचंही कार्य असो, ताटं न्या, वापरा, घासून परत आणा. थर्माकोल नको, कागद नको, पुन्हा नाल्यात काही नको.

घरकामाला येणाऱ्या झुंबरबाईंनी सगळी ताटं राखेने घासून लख्ख केली. दोन दिवस लागले त्यांना. बोटांना भेगा पडल्या, तर मी खोबरेल दिलं. चहा दिला. त्यांचासुद्धा कप स्टीलचाच आहे, वेगळा, मागच्या खिडकीत असतो, त्यांचा त्या धुऊन ठेवतात. म्हणजे माझ्या घरात कामवालीलाही कागदी कप नाही. मंडळातल्या कितीजणी असं म्हणू शकतील?

हे डाळ मिलमधून आले आणि गॅरेज बघून म्हणाले, "रूपा, आता एक आचारी ठेव आणि बोर्ड लाव." यांना कशाचं गांभीर्य म्हणून नाही. आमची लेक मोनाली हसली. तिने संध्याकाळी मोबाइलवरून काहीतरी नूडल्स मागवल्या होत्या. एवढुशा नूडल्सना प्लास्टिकचे तीन डबे, दोन काटे आणि चटणीच्या पाच पुड्या. मी ते सगळं धुऊन तिच्या उशीजवळ मांडून ठेवलं. बघ म्हणावं, तुझी भूक अजून पाचशे वर्षं टिकणार आहे.

१४ डिसेंबर, रविवार

मोनालीने आज सांगितलं. ती नोकरी करते त्याच ठिबक सिंचनाच्या कंपनीत एक मुलगा आहे, राजदीप. धुळ्याचा, देवपूरचा. वडील पितांबरभाऊ शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, आई नाही, घरात आजी आहे. दोन वर्षं ओळख. लग्न करायचं आहे.

आडनाव सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं. त्यांच्या हॉलमध्ये कुणाचा फोटो असणार तेही लक्षात आलं. मी तसलं काही मानत नाही. इथे लिहून ठेवते, मानत नाही. मी फक्त विचारलं, "मांसाहार करतात का गं?"

मोनाली माझ्याकडे बघतच राहिली. मी सांगितलं, मटणासाठी किती पाणी जातं, किती चारा जातो, याचा विचार केला पाहिजे, नव्या पिढीने तरी. ती म्हणाली, "आई, बाबा दर बुधवारी ढाब्यावर काय खातात? आणि तू सोडून तीनच वर्षं झालीत. तुझ्या हातचा काळा रस्सा खायला मामा भुसावळहून यायचा."

"म्हणूनच सोडलं ना," मी म्हटलं.

"आई, तू मला पाण्याबद्दल विचारत नाहीयेस."

मुलींना शिकवा आणि वर ऐकूनही घ्या.

१८ डिसेंबर, गुरुवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. हे जेवताना म्हणाले, "एकुलती एक आहे. हट्टाला पेटली तर पोरगी हातची जाईल." मी म्हटलं, मी कुठे नाही म्हणते? मुलगा चांगला आहे, पगार चांगला आहे, फोटोत दिसायलाही नीट आहे. मला काय खुपतंय ते मला सांगता येत नाही. दाताच्या फटीत काहीतरी अडकावं आणि काडीला सापडू नये, तसं चार दिवस चाललंय.

मोनाली गेली तर या घरात मी आणि एकशे वीस ताटं.

२४ डिसेंबर, बुधवार

रेल्वेगेटपलीकडच्या वस्तीतून वृषाली नावाची मुलगी आली होती. अंगणवाडीत मदतनीस आहे. भावाच्या मुलीचं बारसं, पन्नास ताटं हवी होती. चांगली बोलते, स्वच्छ साडी, पाटी वाचून म्हणाली, "ताई, तुमचं काम मला फार आवडलं. आमच्याकडे सगळे कागदीच आणतात, मी म्हटलं यावेळी नको."

मी सांगितलं, ताटं बाहेर गेली आहेत.

गेलेली नव्हती. गॅरेजचं शटर खाली होतं म्हणून तिला दिसली नाहीत. असं का बोलले ते माहीत नाही. मंडळातल्या बायकांची आंदणाची ताटं आहेत, उद्या कुणी काही म्हणालं तर उत्तर मला द्यावं लागतं. दुसऱ्याची वस्तू सांभाळणं सोपं नसतं. झुंबरबाई मागे भांडी घासत होत्या. त्यांनी ऐकलं असेल.

२९ डिसेंबर, सोमवार

रेल्वेगेटजवळून रिक्षाने येत होते. नाल्याच्या काठाला कागदी ताटल्यांचा हा ढीग. गुलाबी फुगेही होते, म्हणजे बारशाचाच. लापशीवर माशा. किती सांगा, या लोकांना कळतच नाही. मी तोंड फिरवलं.

४ जानेवारी, रविवार

पुढच्या रविवारी ते लोक येणार. मोनालीने ठरवूनच टाकलं. म्हणाली, "आई, एवढं एक नीट कर. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही." डोळे भरले होते तिचे. मग मलाही भरून आलं, जवळ घेतलं तिला. लहानपणी ताप आला की अशीच मान टाकायची खांद्यावर.

नीट करणार. पोहे, शेव, घरचे तिळाचे लाडू. कपाटातला निळ्या फुलांचा कपबशांचा संच काढून ठेवला, माझ्या आईने दिलेला. आठ आहेत. तीन पाहुणे, आम्ही तिघं. पुरतात.

११ जानेवारी, रविवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळी दहाला संच परत कपाटात ठेवला. आईचा आहे, एखादा फुटला तर जोडी मिळायची नाही. मग स्टीलचे कप काढले. ते ओट्यावर मांडले आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले. रोज सकाळी त्यातला एक मी तोंडाला लावते. साडेदहाला झुंबरबाईंना म्हटलं, कोपऱ्यावरून कागदी कप घेऊन या.

त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, कागदाचे? आपल्या घरात?"

"पाहुणे आहेत. धुणार कोण?"

"मी हाये ना."

"झुंबरबाई, सांगितलं तेवढं करा."

सगळ्यांनाच कागदी द्यायचे असं ठरवलं. आम्हीही त्यातच पिणार, म्हणजे भेदभावाचा प्रश्न येत नाही. पोहे केलेच नाहीत. फणी भरून केळी ठेवली. केळीला ताटली लागत नाही आणि सालं ओल्या कचऱ्यात जातात. पर्यावरणाच्या दृष्टीने उत्तमच.

पितांबरभाऊ उंच, सडपातळ, खादीचा शर्ट. दारात थांबून त्यांनी पाटी वाचली. मुख्याध्यापकांना दिसेल ते वाचायची सवय असते. "सुंदर अक्षर आहे," म्हणाले. आजी नर्मदाबाई, त्यांना घरात अक्का म्हणतात, नऊवारीत, पाठीत वाकलेल्या, चष्म्याला दोरी. आल्या आल्या सगळं घर बघून अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं कसं चकचकीत शे." राजदीप लाजत होता. मोनालीने मोरपंखी साडी नेसली होती.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले.

पितांबरभाऊंनी कप घेतला, एकदा दाराकडे बघितलं, मग कपाकडे, आणि शांतपणे चहा प्यायले. राजदीपचे कान लाल झाले. मोनालीने कप हातात घेतलाच नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी केळ्यांकडे. हे मोठ्याने पावसापाण्याचं बोलू लागले, जानेवारीत.

अक्कांनी चहा संपवला. "चहा झकास शे," म्हणाल्या. मी कप घ्यायला वाकले, तर त्यांनी हाताने थांबवलं. स्वतः उठल्या, सगळ्यांचे कप गोळा केले, मोनालीचा भरलेला चहा स्वतः पिऊन टाकला, सहाही कप एकात एक घातले, रुमालात गुंडाळले आणि आपल्या पिशवीत ठेवले.

"अहो, राहू द्या, मी टाकते," मी म्हटलं.

"आठे नका टाकू, माय. तुमना नेम मोडी जाई."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून बोलले असते, माझी जीभ काही लुळी नाही. त्यांना खरंच वाटत होतं की आज काही अडचण होती आणि इथे कप टाकून बाईचा नेम मोडायला नको. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी. आणि इथे खोटं लिहिणार नाही, मी अंग चोरलं.

१२ जानेवारी, सोमवार

मोनाली सकाळी बॅग भरून मैत्रिणीच्या खोलीवर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "झुंबरबाईंचा कप खिडकीत असतो, तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझी आई कचऱ्याला घाबरते असं वाटायचं मला."

कचऱ्यालाच घाबरते मी. दुसरं काय.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत झाली, तिळगूळ कुणाला दिला नाही. आज हे चहा पिता पिता म्हणाले, "एका अर्थी तू केलंस ते बरंच केलंस. मलाही जरा कसंतरीच वाटत होतं. आपले कप म्हणजे रोज तोंडाला लावायचे."

अगदी सहज म्हणाले आणि फुर्र करून घोट घेतला. माझ्या मनातलंच वाक्य, शब्दाला शब्द. ते यांच्या मिशीला लागलेल्या सायीतून ऐकलं आणि अशी किळस आली की मी मोरीत जाऊन ओकले. यांना वाटलं पित्त. लिंबू पिळून आणलं.

पाटी काढली. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं राहिली आहेत.

झुंबरबाईंना म्हटलं, आजपासून तुमचा कप आतच ठेवा, आमच्यात. त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई. आता एकोनीस वर्सं झाली, मला त्याची सवय हाये. आन् तुमाले सवय व्हयाची नाही." आणि कप उचलून पुन्हा खिडकीत ठेवला. मला राग आला. एवढं सांगतेय तर घ्यावा ना. मग रागाचीही लाज वाटली. चार दिवस हेच चाललंय, एकावर एक.

२१ जानेवारी, बुधवार

मोनालीचा फोन. नऊ फेब्रुवारीला नोंदणी, आणि त्याच दुपारी देवपूरला घरच्या माणसांचं जेवण. साठेक माणसं. "तुम्ही आलात तर बरं वाटेल" असं म्हणाली, नातेवाइकांना म्हणतात तसं. ये म्हणाली नाही. मी विचारलं, जेवलीस का? हो म्हणाली आणि ठेवला.

पोरगी हातची गेलीच आहे. आता परत येते की नाही एवढंच उरलंय.

२५ जानेवारी, रविवार

एकटीच धुळ्याला जाऊन आले. यांना सांगितलं मंडळाची बैठक आहे.

एसटीने गेले. देवपूरला पांझरेच्या पुलावरून रिक्षा केली. नदी म्हणजे पाण्यापेक्षा पिशव्याच जास्त, पण आज मोजल्या नाहीत. घर छोटं, नीटनेटकं, दारात शेवग्याचं झाड. हॉलमध्ये फोटो होता, मला वाटला होता तोच, ताज्या हारासह. मोनाली तिथेच होती, स्वयंपाकघरात, अक्कांबरोबर भाकरी थापत. मला बघून बाहेर आली. हात पिठाचे. तशीच उभी राहिली.

मी ठरवून आले होते की माफी मागायची. पितांबरभाऊ म्हणाले, "बसा ताई, आधी चहा." आणि अक्का ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये एक कागदी कप. बाकी पेले स्टीलचे.

"तुमले हाईच चालस ना?" त्यांनी विचारलं. "दुकानवरथीन मुद्दाम मंगाडा."

मला म्हणायचं होतं, नाही, पेला द्या. त्या बाईने माझ्यासाठी, माझी अडचण होऊ नये म्हणून, दुकानातून एक कप आणवला होता. मी घेतला आणि प्यायले. सव्वा वर्षात पहिल्यांदा, आमच्या घरचा त्या दिवशीचा धरून दुसऱ्यांदा.

पितांबरभाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या पाटीचं काम चांगलं होतं, मी शाळेत मुलांना हेच शिकवायचो. पण एक सांगू? मी लहान होतो तेव्हा आमच्या गावच्या हॉटेलात आमचा कप बाहेर, वळचणीला खोचलेला असायचा. प्यायचा, धुवायचा, परत खोचायचा. पुढे ते प्लास्टिकचे, कागदाचे आले. पहिल्यांदा पाटलाच्या हातात आणि माझ्या वडिलांच्या हातात एकसारखा कप आला. वडील खूश झाले होते. कचरा झाला, खरंय. आमच्या गावचा ओढा त्यानेच भरला. पण वळचणीतल्या त्या कपाला कुणी कचरा म्हणालं नव्हतं."

हे ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. शाळेत धडा समजावतात तसं बोलले. मी ते दोनशे बारा कप मोजले होते तेव्हा मला एकदाही प्रश्न पडला नव्हता की ते लोकांना हवेसे का झाले. आळशी आहेत, घाणेरडे आहेत, एवढंच मी धरून चालले होते.

माझ्याजवळ द्यायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून म्हटलं, "लग्नाच्या जेवणाला माझी ताटं पाठवते. एकशे वीस आहेत, साठ माणसांना सहज पुरतील. कागदी आणू नका."

मोनाली म्हणाली, "आई, नकोत ती ताटं."

"का गं? लख्ख आहेत."

"माहीत आहे. पण इथे कुणाला त्यावर जेवायचं नाही. ती तू कुणाला नाकारलीस, ते इथेही कळलंय. झुंबरबाईंनी मला सांगितलं, मी यांना सांगितलं."

माझ्या ताटांना कुणी नाक मुरडलं, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं. तळपायापासून वर काहीतरी चढत गेलं. माझी ताटं, राखेने घासलेली, आणि नकोत. मला उठून निघून जावंसं वाटलं. बाकीच्यांना असं किती वेळा वाटलं असेल, हेही वाटलं, पण ते नंतर. आधी राग आला, तो लिहून ठेवते.

अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा रिकामा कप माझ्या हातातून घेतला. म्हणाल्या, "ताटं नका आनू. तुम्ही या. रिकामा हाते या. पन जेवाले बसशात ना?"

"बसेन," मी म्हटलं. मग पुन्हा एकदा म्हटलं.

मोनाली मला पुलापर्यंत सोडायला आली. हाताचं पीठ तसंच होतं. रिक्षा येईपर्यंत थांबली.

एसटी पारोळ्यापर्यंतही आली नव्हती, आणि माझ्या मनात आलं, लग्नाच्या दिवशी ताटं कुणाच्या घरची असतील? घासलेली कुणी असतील? एवढं सगळं होऊन, त्यांच्या घरचा चहा पोटात असताना, पहिला विचार हा. शी. स्वतःच्या डोक्यात हात घालून हे काढता येत नाही, नाहीतर काढून खिडकीबाहेर फेकलं असतं.

नऊ तारखेला मी जाणार. पंगतीत बसणार, वाढतील ते खाणार, पानात काही टाकणार नाही. पहिला घास तोंडात घालताना माझं तोंड कसं होईल, ते मला आज सांगता येत नाही. मोनाली मात्र समोरच बसलेली असेल, आणि ती तेवढंच बघणार आहे.